कोंडीबाच्या मांडवातला अंतरपाट

मित्रांनो, इंग्रजी पहिली आणि इंग्रजी दुसरी या दोन वर्गांच्या मध्ये दोरीवर जे पांढरं कापड टांगलेलं आहे, तो मी. पहिलीची मुलं माझ्या या अंगाला बसतात, दुसरीची त्या अंगाला. तुम्ही मला पडदा म्हणता. मी पडदा नाही. मी अंतरपाट आहे, आणि आता बराच जुना झालो आहे.

माझी गोष्ट मला सरळ सांगता येत नाही. जन्मभर मी कशाच्या तरी मध्येच उभा राहिलो. त्यामुळे गोष्टही मध्येच तुटते. तुटली तर गलका करू नका. जिथून तुटेल तिथूनच पुन्हा जोडीन.

जन्म

सोलापूरच्या साखर पेठेत ईरप्पाचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात ईरप्पाचे पाय, आणि वर ताणलेलं सूत. त्याची बायको नागव्वा कांड्या भरायची. ईरप्पा लुगडी विणायचा. एकदा त्याच्याकडे तुमच्या सिद्धाराम मास्तरांचे वडील आले आणि म्हणाले, "मुलाचं लग्न आहे. अंतरपाट विणून पाहिजे."

ईरप्पा हसला. "अंतरपाट कुणी विणून घेतं काय, अप्पा? घरातलं धोतर धरायचं आणि काम भागवायचं."

"तुझ्या घरात धोतर धर. माझ्या घरात अंतरपाट पाहिजे. लांब पाहिजे. माझ्या मागं नातवंडांना पुरला पाहिजे."

असा मी आलो. ताणा पांढरा, बाणा पांढरा, दोन्ही काठांना लाल रेघ. धोटा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा, आणि दर खेपेला माझ्या दोन सुतांच्या मध्ये एक सूत ठेवून जायचा. म्हणजे मी घडलो तेही मध्ये ठेवून ठेवूनच. मागावरून काढताना ईरप्पाने मला थोपटलं आणि कानडीत म्हणाला, "नडुवे निल्लु." मध्ये उभा राहा.

दुसऱ्या कुणाला आयुष्याचं काम इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी ऐकलं नाही.

या अंगाला, त्या अंगाला

मास्तरांच्या लग्नात मी पहिल्यांदा उभा राहिलो. माझ्या या अंगाला मास्तर, त्या अंगाला गुरम्मा. लोकांना वाटतं, अंतरपाट म्हणजे कापडाची भिंत. भिंतीला डोळे नसतात. मला दोन्ही अंगांना होते. या अंगाला मास्तर ओठ चाटत होते. त्या अंगाला गुरम्मा डाव्या पायाच्या अंगठ्याने पाटावरची रांगोळी पुसत होती. दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नव्हतं, आणि मला सगळं दिसत होतं. मग अक्षता पडल्या, मी खाली आलो, आणि ते दोघे एकमेकांकडे बघू लागले. त्यानंतर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला वाईट वाटलं नाही. माझं काम तेवढंच होतं.

मग शेजारी मला मागून नेऊ लागले. मास्तरांचा अंतरपाट लाभतो, अशी गल्लीत बोलवा झाली. लिंगायतांच्या घरी गेलो, मराठ्यांच्या घरी गेलो, माळ्यांच्या घरी गेलो. मी लांब, म्हणून मला दुहेरी घडी घालून धरायचे. आलो की गुरम्मा रिठ्याच्या पाण्यात मला बुचकळायची, कुंकवाचे डाग सावलीत वाळवायची, आणि कडुनिंबाची पानं घालून पेटीत ठेवायची. लोक म्हणायचे, "बाईंनी कापड कसं ठेवलंय बघा, दुधावानी." तेव्हा मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

तेहेतीस सालचा वैशाख

आता खरी गोष्ट.

गिरणीच्या चाळीत कोंडीबा राहायचा. मूळचा माळशिरसकडचा, इथे साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, कामाला. त्याला दोन मुली, गोजर आणि बजा. बजा रांगत होती तेव्हा त्यांची आई गेली. गोजरने धाकटीला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या आणि भाकऱ्या थापता थापता स्वतः लग्नाची होऊन वर सात-आठ वर्षं गेली. कोंडीबा स्थळ आणायचा, गोजर म्हणायची, "बजाचं कोण बगणार?"

शेवटी बार्शीकडचं एक घर सापडलं. तिथे दोन भाऊ होते. थोरला कुंडलिक कोंडीबाच्याच गिरणीत होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, शांत. धाकटा जोतीराम आईजवळ शेतीवर होता, मिसरूड नुकतं फुटलेलं. गोजर कुंडलिकला द्यायची, बजा जोतीरामला. थोरली सोलापुरातच राहणार, बापाच्या हाकेच्या अंतरावर. धाकटी चौदा वर्षांची, तिला तिच्या बरोबरीचा मुलगा आणि डोक्यावर सासू. गोजरने या दोन्ही गोष्टी नीट विचारून घेतल्या होत्या आणि मग हो म्हटलं होतं. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लावायची, हेही ठरलं.

मला न्यायला कोंडीबाची बहीण मथुराबाई आली. मुलींची आत्या. बोलायला लागली की समोरचा माणूस पाऊल मागे घ्यायचा.

"गुरम्माबाई, जोड्या दोन हायत्या, पर अंतरपाट एकच द्या. सगळा उलगडला की दोगींना पुरंल."

"पुरतो की. एकेरी धरा म्हंजे झालं," गुरम्मा म्हणाली. "पण हिसका देऊ नका बरं. धुऊन धुऊन सूत विरलंय."

"हिसका कोण देतंय? आमी काय बैल बांधतोय व्हय त्येला?"

मग मथुराबाई मांडवात गेली आणि तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. त्यांच्यात एक रीत होती. दोन लग्नं एका मांडवात असली, की थोरलं उजवीकडं उभं करायचं, धाकटं डावीकडं. मथुराबाईने मुलींच्या मामांना सांगितलं, "थोरली उजवीकडं." मग ती नवरदेवांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या मामाला सांगितलं, "थोरला उजवीकडं." दोन्ही बाजूंनी माना हलल्या. दोन्ही बाजूंनी अगदी तसंच केलं.

मित्रांनो, इथे कुणीही चुकलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

पाटावर दोन नवरदेव उभे राहिले. त्यांच्या समोर, माझ्या पलीकडे, दोन नवऱ्या आणून उभ्या केल्या. एकाच ठाणातली पिवळी लुगडी, नाकाखाली ओढलेला पदर, वर मुंडावळ्या. बजा अंगाने थोराड, त्यामुळे उंचीतही फरक कळत नव्हता. माझं एक टोक भटजींच्या हातात होतं, दुसरं नवरदेवांच्या मामाच्या. तो मामा चांगला उंच. दोन्ही बाशिंगं झाकली पाहिजेत म्हणून त्याने मला वर ओढून धरलं. त्यामुळे माझ्या खाली, जमिनीपासून चांगली वीतभर जागा मोकळी राहिली.

कोपऱ्यात घंगाळ होतं. त्यातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडली होती. ती भरून बुडाली, की मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळा मांडव "सावधान" म्हणायचा आणि तांदळाचा पाऊस पडायचा. सगळे सावधान म्हणत होते, कोणी अक्षता वेचत होतं, कोणी पोराचं नाक पुसत होतं.

मी मात्र गार पडलो होतो.

कारण मला दोन्ही अंगं दिसत होती. या अंगाला उजवीकडे कुंडलिक. त्या अंगाला उजवीकडे गोजर. पण तोंडासमोर तोंड करून उभं राहिलं की एकाची उजवी बाजू म्हणजे समोरच्याची डावी. कुंडलिकच्या समोर बजा उभी होती. गोजरच्या समोर जोतीराम.

मला हाक मारता येत नाही. मी कापड आहे.

गोजरची मान खाली होती. नवरीची असते तशीच. खाली बघितलं की माझ्या काठाखालून पाय दिसतात. तिला समोरचे पाय दिसले. उन्हात रापलेले, टाचा फुटलेले, कोवळे पाय. तिने ते बघितले, मग परत बघितले. कुंडलिकच्या उजव्या पायाची करंगळी गिरणीत सुताचा जड बीम पडून गेलेली होती. सोयरिकीच्या बोलण्यांत त्याच्या आईने ते स्वतःहून सांगितलं होतं, लपवून ठेवलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. गोजरला ते पाठ होतं. समोरच्या पायांना पाच आणि पाच अशी दहा बोटं होती. तिने मान न हलवता डोळे बाजूला नेले. बजाच्या समोर नऊ बोटं होती.

"सावधान," मांडव म्हणाला. सावध एकटी गोजर झाली होती.

तिच्या पाठीशी तिचा मामा उभा होता. तिने ओठ न हलवता म्हटलं, "मामा, पाट चुकलं."

इथे मी मध्ये येतो

गोष्ट तुटली. मी आधीच सांगितलं होतं. गोजरला तिथेच उभी राहू दे. ती कुठे जात नाही, आणि वाटीही अजून तरंगते आहे. मला तुम्हाला एक शब्द सांगायचा आहे. तो इथेच सांगायला हवा.

या लग्नाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मास्तरांच्या ओसरीवर मॅट्रिकची मुलं इंग्रजीच्या शिकवणीला यायची. एके दिवशी पाठात एक शब्द आला, इंटरपोज. मुलं अडली. मास्तर आत गेले, पेटीतून मला काढलं, आणि दोन मुलांना माझी टोकं धरायला लावली. एकाला या अंगाला उभं केलं, एकाला त्या अंगाला.

"हे काय केलं मी?" मास्तरांनी विचारलं.

"लग्न लावलं!" एक मुलगा म्हणाला. सगळे हसले.

"दोघांच्या मध्ये काहीतरी ठेवलं. याला इंग्रज म्हणतो इंटरपोज. इंटर म्हणजे मध्ये. पोज म्हणजे ठेवणे. हा शब्द इंग्रजांचा घरचा नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला, आणि फ्रेंचांनी तो जुन्या लॅटिनच्या जोरावर बनवला. लॅटिनमध्ये इंटर म्हणजे मध्येच. आता गंमत ऐका. अंतरपाटातलं अंतर आहे ना, संस्कृतातलं, ते आणि लॅटिनचं इंटर हे एकाच जुन्या घरातले. भाऊबंद. एक तिकडं गेला, एक इकडं आला."

मी तोपर्यंत स्वतःला सोलापूरचा समजत होतो. माझा एक चुलता इतक्या लांब राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि पोज?" दुसऱ्याने विचारलं.

"तिथं थोडा घोळ आहे. लॅटिनमध्ये दोन शब्द होते. पोनेरे म्हणजे ठेवणे. पाउसारे म्हणजे थांबणे, विसावा घेणे. फ्रेंचांच्या तोंडात थांबण्याच्या शब्दाला ठेवण्याचा अर्थ येऊन चिकटला. म्हणून जे ठेवणं इंग्रजीत गेलं, त्याच्या पोटात थांबणं आहे. मध्ये ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडच्यांना थोडं थांबवायचं."

मग मास्तरांनी तो शब्द कसकसा वापरतात ते सांगितलं. एखादी वस्तू मध्ये ठेवणे. दोघांच्या भांडणात मध्ये पडणे. दुसरा बोलत असताना मध्येच आपला शब्द टाकणे.

"मास्तर," एक हडकुळा मुलगा म्हणाला, "बा मारायला लागला की आई मधी पडती. ती इंटरपोज?"

"व्हय. तीच."

"मग आमच्यात रोज हाय. पण मार तिलाच बसतो."

यावर कुणी हसलं नाही. मास्तरांनी माझी घडी घातली. घडी घालता घालता म्हणाले, "तेही त्या शब्दातच आलं म्हणायचं. जो मध्ये येतो त्याला लागतं."

दारात गुरम्मा सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "कापड खाली लोळवलं की नाही पोरांनी? आता मीच धुवायचं." आणि मला घेऊन गेली.

एवढंच. आता जिथून तुटली तिथून.

पुन्हा मांडवात

"मामा, पाट चुकलं," गोजर म्हणाली.

"गप," मामा दात आवळून म्हणाला. "मंगलाष्टकं चालल्यात. खाली बघ."

"खालीच बगतीया की. म्हणून तर दिसलं."

मामाला काही कळलं नाही. त्याने तिच्या खांद्यावर बोट टेकवलं, गप राहा म्हणून. शेजारी मथुराबाई होती, तिने ऐकलं. "अगं, नवरी हायेस का वकील? बोलती कशाला मधी?" ती पुटपुटली आणि सगळ्यांना हसून दाखवलं.

शेवटचं कडवं आलं. घंगाळातली वाटी काठापर्यंत भरत आली होती. भटजींनी तिकडे डोळा ठेवला होता. नवरदेवांच्या मामाने माझं टोक हातात घट्ट गुंडाळलं, ओढून घ्यायच्या तयारीत. मी एकदा खाली आलो की लग्न लागलं. मग कुणाच्या समोर कोण, याला काही अर्थ उरत नाही. त्या वेळी बजाकडे बघवत नव्हतं. पदराआडून ती हळूच हसत होती, समोर तिच्या बरोबरीचा मुलगा आहे अशा समजुतीने.

गोजरने हात वर केला. हळदीचा, मेंदीचा, हिरव्या चुड्याचा हात. आणि मला मुठीत धरलं.

नवरीने अंतरपाट धरायचा नसतो. तो इतरांनी धरायचा असतो. मला आजवर असं कुणी धरलं नव्हतं. नवरदेवांच्या मामाला वाटलं कापड कुठेतरी अडकलं. त्याने हिसका दिला. गोजरने मूठ सोडली नाही.

मी फाटलो.

तो आवाज फार मोठा नव्हता. पण भटजींचा सूर तिथेच थांबला, वाजंत्र्यांचा थांबला, आणि वर गेलेल्या अक्षता खाली पडल्यावर कुणी पुढच्या उचलल्या नाहीत. कुणीतरी "अगं बया" म्हणालं. मी मधून चिरलो होतो, पण दोन्ही टोकांना अजून वरच होतो.

"काय झालं?" भटजींनी विचारलं.

गोजर म्हणाली, "माझ्यासमोर दहा बोटं हायती."

मांडव एकमेकांकडे बघू लागला. पोरगी भेदरली, कुणाला तरी वाटलं. झपाटली, कुणाला तरी वाटलं. तेवढ्यात माझ्या पलीकडे कुंडलिक हलला. त्याने फक्त उजवा पाय पुढे केला आणि माझ्या काठाखालून बजाच्या पाटाजवळ टेकवला. चार बोटांचा पाय.

"ह्यो माझा," तो म्हणाला. "आता सांगा, हितं कोण हाय?"

"बजा," गोजर म्हणाली. "माझी बजा हाय तितं."

मग काय गलका! मथुराबाईने नवरदेवांच्या मामाला धरलं. "थोरला उजवीकडं म्हणून सांगितलं नव्हतं तुमाला?"

"उजवीकडंच हाय की! बगा! तुमची थोरली कुटं हाय?"

"उजवीकडंच!"

दोघेही खरं बोलत होते. भटजींनी आपला उजवा हात वर केला, मामाला त्याचा उजवा हात वर करायला लावला, आणि दोघे समोरासमोर उभे राहिले. हात तिरके आले. मागे कुणीतरी मोठ्याने हसलं आणि गप झालं.

आता खरी पंचाईत पुढे होती. नवरदेवांच्या मामाने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "झालं ते झालं. अक्षता पडल्यात. वाटी बुडायला आली. भाऊभाऊच हायती, एका चुलीवर जेवत्यात. हिला काय न् तिला काय!"

दोन-चार माना हलल्या. त्या माना बघून मला वाटलं, आता संपलं. कोंडीबा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. गोजरने मला सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "बजा चौदा वर्साची हाय. आमी दोगींनी ज्येला ज्येला हो म्हटलं, त्येच्याच समोर उभं करा. न्हायतर म्या हे सोडणार न्हाय. वाटी बुडू द्या."

मघाशी तिला वकील म्हणणारी मथुराबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि नवरदेवांच्या मामाला म्हणाली, "दादा, डोकी तर सगळ्यांची सारखीच असत्यात. मग तुमचं पागोटं त्या वाजंत्र्याच्या डोक्यावर ठिवू का? हितं काय न् तितं काय!"

या वेळी मांडव उघड हसला. मामाने हात आपोआप पागोट्याला लावला.

भटजी म्हातारे होते आणि घाईतही होते. त्यांनी घंगाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अंतरपाट खाली आला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. पण फाटलाय."

"फाटला असेल. खाली आला का, ते विचारतो. तो वर आहे तोवर ही चार माणसं पाटावर उभी आहेत, आणखी काही झालेलं नाही. नवऱ्यांच्या जागा बदला. लवकर."

मला इतका मोठा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळाला तेव्हा मी चिरफाळलेला होतो.

गोजरने मूठ सोडली. ती बजाच्या पाठीमागून गेली. बजा पदरातून म्हणाली, "आक्का, काय झालं गं?"

"काय न्हाय. जागा चुकली हुती."

"माझी?"

"कुणाचीच न्हाय. सर तिकडं."

भटजींनी शेवटचं कडवं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, जरा भरभर. शेवटचं सावधान आणि वाटीचं बुडणं जवळजवळ बरोबरच झालं. मामाने मला ओढलं नाही. हळूच खाली घेतलं, जखमी माणसाला उतरवून घेतात तसं. कुंडलिकने पहिल्यांदा गोजरकडे बघितलं तेव्हा तोंडाकडे नाही, तिच्या हाताकडे बघितलं. मुठीत माझी दोन-चार सुतं राहिली होती. बजा आणि जोतीराम एकमेकांकडे बघून लाजण्याऐवजी हसत सुटले. दोघांनाही अजून नीट कळलंच नव्हतं.

नंतर

मला परत द्यायला गोजर स्वतः आली. लग्नानंतर सोळावा दिवस होण्याआधी नवरीने असं येऊ नये म्हणून मथुराबाई मागे आली होती आणि उंबऱ्याबाहेर उभी होती.

"बाई, तुमचं कापड फाटलं माझ्या हातनं," गोजर म्हणाली.

"तू फाडलंस का त्यांनी ओढलं?" गुरम्माने विचारलं.

गोजरने विचार केला. "दोघांनी."

"बस मग. रफू घालते."

"मी घालते."

तिने ओसरीवर बसून रफू घातलं. गिरणीचं सूत जाड, ईरप्पाचं बारीक. त्यामुळे ते रफू आजही हाताला लागतं.

त्यानंतर मला कुणी मागायला आलं नाही. फाटलेला अंतरपाट, तोही लग्नात फाटलेला. लोक चांगले होते, पण लग्नाच्या बाबतीत कोण कशाला धोका पत्करेल? गल्लीत पुन्हा धोतरं धरू लागले. गोजरलाही चाळीत बायका बरेच दिवस "मधी बोललेली" म्हणायच्या. ती पाणी भरायला आली की हे तिच्या कानावर पडायचं. ती घागर लावायची आणि म्हणायची, "व्हय, म्याच ती."

मी पेटीत राहिलो. कडुनिंबाची पानं सुरुवातीला दरवर्षी बदलली, मग विसरली गेली. एका कोपऱ्याला कसर लागली. सणाला पेटी उघडायची तेव्हा माझ्या अंगावर उजेड पडायचा, आणि मग मला बाजूला सारून खालचं काहीतरी काढून घ्यायचे. वाट बघायची सवय मला होतीच. फक्त आधी थोडा वेळ वाट बघावी लागे, आता वर्षं जाऊ लागली.

मग मास्तरांनी ही शाळा काढली. खोली एक, वर्ग दोन. भिंत घालायला वाव नव्हता. गुरम्मा म्हणाली, "पेटीत पडलंय ते बांधा की." असा मी इथे आलो. आता माझ्या या अंगाला पाढे चालतात आणि त्या अंगाला कविता, आणि मला दोन्ही ऐकू येतात.

मित्रांनो, म्हाताऱ्या कापडाला एवढं सांगू द्या. रफूच्या जागी बोटं घालून पलीकडच्या वर्गाला वेडावून दाखवू नका. शाईचे हात मला पुसू नका. मला धुवायला न्याल तेव्हा दगडावर आपटू नका, रिठ्यात भिजवा. कुठल्याही मुकाट उभ्या राहणाऱ्या वस्तूला जपा. ती तुमच्यासाठीच उभी असते.

पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुठेतरी असाच मांडव असेल, सगळ्यांना घाई असेल, आणि तुम्हाला खाली बघायला सांगितलेलं असेल. खाली बघता बघता जर दिसलं, की पलीकडे भलतंच माणूस उभं आहे, तर त्या वेळी कापडाची काळजी करू नका. घट्ट धरा. फाटेल. फाटू द्या.